मॅट झिलई : रक्षण व निगा

मॅट झिलई : धातू, रंगलेप, काच इत्यादींच्या पृष्ठभागास मुद्दाम दिलेली चकाकीविरहित अंतिम अवस्था. अशा पृष्ठभागात समोरील वस्तूचे प्रतिबिंब उमटत नाही. त्याचा रंग मात्र निरनिराळ्या बाजूंनी पाहिले असता जवळजवळ सारखाच दिसतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी (ता. हातकणंगले) हे चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेले ठिकाण असून चांदीच्या दागिन्यांत चकचकीत झिलईबरोबरच मॅट झिलईही प्रचलित आहे. एकविसाव्या शतकात मोटारगाड्यांच्या रंगलेपातही ती रूढ झाली आहे. मॅट पृष्ठभाग म्हणजे झिलई करावयाचा राहून गेलेला पृष्ठभाग, अशी समजूत पुष्कळदा आढळते आणि त्यामुळे तो घासून उजळ करण्याकडे कल असतो. वस्तुतः मॅटपणा हा पृष्ठभागावर घडविलेल्या सूक्ष्म उंचसखलपणाचा परिणाम होय. घासल्याने हे उंचवटे सपाट होतात व मॅटपणा नाहीसा होतो. म्हणून चकचकीत पृष्ठभागाची निगा राखण्याच्या रीती येथे उपयोगी पडत नाहीत. किंबहुना त्या अपायकारक ठरतात.

प्रकाशीय स्वरूप : दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सु. ०·४ ते ०·७ मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. पृष्ठभागावरील उंचसखलपणा याहून पुष्कळच लहान असेल, तर आपाती किरण एकाच दिशेने परत फिरतात आणि पृष्ठभाग आरशासारखा भासतो. उंचसखलपणा तरंगलांबीइतका किंवा तीहून मोठा असेल, तर किरण सर्व दिशांना विखुरले जातात; यास विसरित परावर्तन म्हणतात. चांदी ही दृश्य प्रकाशाचे परावर्तन करण्यात सर्व धातूंत अग्रेसर असल्यामुळे स्वच्छ मॅट चांदी करडी न दिसता दुधासारखी शुभ्र दिसते. पृष्ठभागाकडे अतिशय तिरप्या कोनातून पाहिल्यास मॅट पृष्ठभागही काहीसा चकाकतो. झिजलेले भाग ओळखण्यास ही बाब उपयोगी पडते.

हुपरीतील चांदीकाम : हुपरी कोल्हापूरच्या पूर्व-आग्नेयेस सु. २० किमी.वर आहे. येथील चांदीचा व्यवसाय विसाव्या शतकात वाढला आणि रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली इ. शेजारच्या गावांतही पसरला. पैंजण हे येथील प्रमुख उत्पादन होय. चांदी वितळविणे, तार ओढणे, कड्या जुळविणे, डाख देणे, घुंगरू बसविणे, झिलई करणे अशी कामे वेगवेगळ्या घरांत विभागलेली असतात. त्यामुळे एक पैंजण पुरा होईपर्यंत अनेक हातांतून जातो. झिलई ही यांतील शेवटची पायरी असल्याने आधीच्या सर्व कामाचे रूप तिच्यावर अवलंबून असते.

चांदीकामात मॅट झिलई मुख्यतः तीन रीतींनी देतात : (१) काचेचे बारीक मणी किंवा वाळूचे कण हवेच्या दाबाने पृष्ठभागावर मारणे, (२) पितळी तारांच्या कुंचल्याने एकाच दिशेने बारीक रेघा पाडणे, (३) तांबेमिश्रित चांदी तापवून सौम्य व गरम सल्फ्यूरिक अम्लात बुडविणे. तिसऱ्या रीतीत तापविल्यामुळे पृष्ठभागावरील तांब्याचे ऑक्साइड बनते व ते अम्लात विरघळून जाते. ही क्रिया पुनःपुन्हा केल्याने वर जवळजवळ शुद्ध चांदीचा पांढराशुभ्र, सच्छिद्र थर उरतो. हा थर अतिशय पातळ असल्याने जोराने घासल्यास खालची काहीशी पिवळसर मिश्रधातू उघडी पडते. पूर्वापार वापरात असलेल्या चिंच, तुरटी व रिठा यांपैकी चिंच व तुरटी यांचे कार्य अम्लाचे, तर रिठ्याचे कार्य साबणाचे असते.

काळी पडण्याची क्रिया : नेहमीच्या तापमानास चांदीवर हवेतील ऑक्सिजनाचा दृश्य परिणाम होत नाही. हवेत अल्प प्रमाणात असणारा हायड्रोजन सल्फाइड वायू, ऑक्सिजन व आर्द्रता यांच्या संयुक्त क्रियेने तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडाचा थर बनतो. थराची जाडी वाढेल तसा त्याचा रंग प्रथम पिवळसर, मग तपकिरी, निळसर व शेवटी काळा होतो. बाजारात ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दागिन्यांवरही ऑक्साइड नसून सामान्यतः हेच सल्फाइड असते; ते गंधकयुक्त विद्रावात बुडवून मुद्दाम आणलेले असते. त्यानंतर उंच भाग उजळून खोलगट भागांत काळेपणा राखतात व त्यामुळे नक्षी उठून दिसते. मॅट पृष्ठभागाचे प्रत्यक्ष क्षेत्रफळ अधिक असते आणि त्याच्या खळग्यांत घाम, तेल व धूळ टिकून राहतात. त्यामुळे गुळगुळीत चांदीपेक्षा मॅट चांदी डागाळण्याचा संभव अधिक असतो.

प्रतिबंधक उपाय : लोकर, रबर, कांदा, अंडी व कोळशाचा धूर हे गंधकाचे घरगुती उगम आहेत. दागिने रबरी धाग्याने बांधू नयेत व लोकरी कापडात गुंडाळू नयेत. वापरानंतर घाम मऊ सुती कापडाने न घासता टिपून घ्यावा आणि दागिना पूर्ण कोरडा करून हवाबंद पिशवीत सिलिका जेलसह ठेवावा. प्रत्येक दागिना वेगळ्या पिशवीत ठेवल्यास ते एकमेकांवर घासले जात नाहीत. पारदर्शक लाखरोगणाचा पातळ थर चांदीस हवेपासून वेगळे ठेवतो. परंतु पैंजणासारख्या सतत घर्षण होणाऱ्या दागिन्यावर तो जागोजागी फुटतो आणि तेवढेच ठिपके काळे पडतात. ऱ्होडियमाचा विद्युत् विलेपनाने दिलेला थर मायक्रोमीटरच्या अंशाइतका पातळ असल्याने खालचा मॅट पोत तसाच दिसतो व चांदी काळवंडत नाही. तथापि झिजल्यावर हा थर पुन्हा द्यावा लागतो. कड्या एकमेकींवर घासून उंच भाग काही महिन्यांतच चकाकू लागतात. यास औषध नाही. म्हणून मॅट पोत खोलगट भागांत व उंच कडा चकचकीत, अशी योजना दागिना घडवितानाच करणे श्रेयस्कर ठरते.

स्वच्छता : चांदीचा कठिनपणा मोस मापक्रमानुसार केवळ २·५ ते ३ आहे. रांगोळी, राख व दंतमंजन यांतील खनिज कण तितकेच किंवा अधिक कठीण असतात. त्यांनी घासलेला दागिना उजळतो, पण मॅट पोत जाऊन तेथे ओरखडे व चकाकणारे पट्टे उरतात. घासताना सल्फाइडाबरोबर चांदीही जाते. सोनारांच्या दुकानांतील धूळ धुऊन त्यातून सोने-चांदी वेगळी काढणाऱ्या झारेकऱ्यांचा व्यवसाय अशा झिजेवरच चालत आला आहे.

साध्या मळासाठी कोमट पाणी व सौम्य साबण पुरेसा असतो. काळेपणा घालविण्यासाठी ॲल्युमिनियमाच्या पातळ पत्र्यावर दागिना ठेवून त्यावर धुण्याच्या सोड्याचा गरम विद्राव ओततात. यात ॲल्युमिनियम व चांदी यांचा विद्युत् घट तयार होतो आणि सल्फाइडाचे पुन्हा चांदीत रूपांतर होते. घर्षण होत नसल्यामुळे मॅट पोत शाबूत राहतो व चांदीचे वजनही जवळजवळ कायम राहते. या वेळी थोडा दुर्गंधी वायू बाहेर पडत असल्याने काम मोकळ्या हवेत करावे. मात्र मुद्दाम काळे केलेले, लाखेने भरलेले, मोती किंवा खडे बसविलेले दागिने या विद्रावात कदापि घालू नयेत. ऑक्सिडाइज्ड दागिन्यातील काळी छटा काही मिनिटांत नाहीशी होऊन नक्षी सपाट दिसू लागते. मग कारागिराच्या कामापैकी केवळ चांदीचे वजन तेवढे शिल्लक राहते.

मोटारगाडीवरील मॅट रंगलेप : मोटारगाडीच्या रंगावरील शेवटच्या पारदर्शक थरात सिलिकेचे सूक्ष्म कण मिसळून मॅट रंगलेप तयार करतात. थर वाळून आकसताना या कणांमुळे त्याचा पृष्ठभाग खडबडीत होतो. भारतात अशा गाड्या कारखान्यातूनच रंगवून येऊ लागल्या आहेत, उदा., २०२१ मधील किया सेल्टॉस एक्स-लाइन. येथेही तत्त्व तेच आहे. पॉलिश लावल्यास उंचवटे झिजून चकाकणारा डाग पडतो, तर नेहमीचे मेण खळग्यांत भरून तो भाग तुकतुकीत दिसतो. म्हणून गाडी सावलीत, प्रथम भरपूर पाण्याने भिजवून, उदासीन (अम्लधर्मी वा क्षारधर्मी नसलेल्या) साबणाने मऊ कापडाचा हलका हात फिरवून धुवावी आणि पाणी टिपून घ्यावे. फिरत्या कुंचल्यांच्या धुलाईयंत्रात ती नेऊ नये. पक्ष्यांची विष्ठा व मेलेले कीटक उन्हात काही तासांत थर खातात; ते कोरडे खरवडून न काढता ओल्या कापडाने मऊ करून लगेच काढावेत. मॅट पृष्ठभागासाठीच बनविलेली पारदर्शक संरक्षक फिल्म वा लेप मिळतात.

दुरुस्ती : चांदी आतपर्यंत एकजिनसी असल्याने बिघडलेला मॅट पोत कारागीर पुन्हा घडवू शकतो, मात्र दर खेपेस थोडी धातू खर्ची पडते. अम्लाने आणलेला शुभ्र थर गेल्यास दागिना पुन्हा तापवावा लागतो व त्यामुळे नाजूक डाख सुटण्याचा धोका असतो. रंगलेपाची स्थिती याहून बिकट आहे. त्यातील पारदर्शक थर एकदा झिजला की घासून किंवा भरून पूर्ववत होत नाही. छोट्या ओरखड्यासाठीही सामान्यतः संपूर्ण दार किंवा झाकण पुन्हा रंगवावे लागते, कारण चकाकीची मात्रा थराची जाडी व फवारणीची रीत यांप्रमाणे बदलते आणि जोड लपत नाही. दोन्ही बाबतींत दुरुस्तीपेक्षा रक्षण सुलभ आहे व त्याची पहिली अट घर्षण टाळणे ही होय. [⟶ चांदी, रंगलेप].