हळदीचा हत्ती

माझी भाची मनू सव्वादोन वर्षांची असताना वाचायला लागली. म्हणजे आमच्या घरात तशी बातमी फुटली. ताईनं ऑफिसातून येऊन पाठीवरची सॅकही न उतरवता फ्लॅशकार्डांचा डबा काढला आणि एक कार्ड मनूसमोर धरलं. चित्रबित्र काही नाही, नुसती ठळक लाल अक्षरं. मनू ओरडली, "हत्ती!" ताईचा चेहरा असा, की बोर्डात पहिली आल्याचा फोन आलाय. जिजूंनी व्हिडिओ काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला आणि सातारच्या आईपासून न्यू जर्सीच्या काकांपर्यंत सगळ्यांचे अंगठे येऊन पडले.

मी या घरातली मावशी. फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे "तू काय, घरीच असतेस" या कॅटेगरीतली. ताई-जिजू दोघंही हिंजवडीत. संध्याकाळी मनूला सांभाळायच्या बाई गेल्या, की ताई येईपर्यंतचे दोन तास माझे. त्यात कार्डांचा एक राउंड घ्यायचा, असा ताईचा नियम होता. फळं, प्राणी, वाहनं, आकार, एबीसीडी, मुळाक्षरं. (ती 'ण बाणाचा'वाली कार्डं बघितलीत का कधी? मराठीत 'ण'नं सुरू होणारा शब्दच नाही, तरी त्या बिचाऱ्या बाणाला किती पिढ्या कामाला लावलंय!)

आणि एक दिवस डबाच गायब झाला. सोफ्याखाली, बेडच्या बॉक्समध्ये, अगदी फ्रीजमध्येही बघून झालं. ताईनं नवा सेट मागवला. तोच ब्रँड, तीच लाल अक्षरं. मनूनं 'हत्ती'कडे बघितलं आणि नंतर खिडकीकडे.

पुढचे पंधरा दिवस काही खरं नव्हतं. प्लेग्रुपची अ‍ॅडमिशन तोंडावर होती आणि तिथं मुलांशी 'गप्पा' मारतात म्हणे. ताईचं टेन्शन वाढलं. "हे काय? सांग ना मनू. तेव्हा तर बरोबर सांगितलं होतंस!" मनू आधी हसायची, मग मान फिरवायची. नंतर नंतर तर लिफ्टचा आवाज आला की ती माझ्या मागे येऊन उभी राहायला लागली. दिवसभर आईची वाट बघणारं पोर आई आल्यावर लपतं, हे मला जाम खटकलं. पण आपण पडलो अविवाहित मावशी. बोलणार कुठल्या तोंडानं?

डबा सापडला चपलांच्या कपाटात, जिजूंच्या ट्रेकिंगच्या बुटाच्या मागे. तिथं तो आपोआप चालत गेला नव्हता, एवढं मलाही कळलं. मी 'हत्ती'चं जुनं कार्ड काढलं. त्याच्या कोपऱ्यावर वरणाचा पिवळा डाग होता. मनू लगेच, "हत्ती!" मला शंका आली. मी अक्षरांवर हात ठेवला, फक्त डाग दिसेल असा. "हत्ती!" मग मी कोऱ्या कागदावर बोटानं हळद फासली.

"हत्ती."

म्हणजे आमची बाई हळद वाचत होती.

हसू आवरल्यावर मास कॉमच्या सवयीनं मी शोधाशोध सुरू केली, तर मनूच्याही आधी ही गंमत करणारे निघाले. फिलिप गॉफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसह 1990च्या दशकाच्या सुरुवातीला चार-पाच वर्षांच्या मुलांना शब्दांची कार्डं दिली होती. त्यातल्या एका कार्डावर मुद्दाम अंगठ्याचा ठसा उमटवलेला. मुलं तो शब्द पटकन शिकली. मग ठसा नसलेलं कार्ड दाखवलं, तर निम्म्याहून अधिक मुलांना शब्द सांगता येईना. नुसता ठसा दाखवल्यावर मात्र जवळजवळ सगळ्यांनी 'वाचला'. मुलं काही मठ्ठ नसतात. वेगळं दिसणारं जे सगळ्यात सोपं असेल, ते ती धरतात. 'हत्ती' खरंच वाचायचा तर 'ह', अर्धा 'त', पूर्ण 'त' आणि वेलांटी यांचे आवाज एकत्र जोडावे लागतात. सव्वादोन वर्षांच्या मुलीनं त्या भानगडीत का पडावं, डाग आयता समोर असताना?

बाळांना कार्डांनी वाचायला शिकवायचा हा फंडा जगभर पसरवला तो ग्लेन डोमननं. फिलाडेल्फियाचा हा फिजिकल थेरपिस्ट, मेंदूला इजा झालेल्या मुलांबरोबर काम करायचा. तान्ह्या बाळांना वाचन कसं शिकवावं यावरचं त्याचं पुस्तक 1964 साली आलं. मोठी लाल अक्षरं, झरझर दाखवायची कार्डं, दिवसातून अनेक राउंड, हे सगळं त्याचंच. गंमत म्हणजे मुलाची परीक्षा घेऊ नका आणि कंटाळण्याआधी थांबा, हेही त्याच्याच पद्धतीत आहे. ते आपल्या घरात पोहोचेपर्यंत गळून पडलेलं दिसतंय.

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या सुसान न्यूमन यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ ते अठरा महिन्यांची 117 बाळं होती. काहींना डीव्हीडी, शब्दकार्डं, पुस्तकं असा वाचनाचा संच दिला, काहींना नाही. सात महिन्यांनी चौदा मोजमापं घेतली. तेरांमध्ये काहीच फरक नाही. चौदावं होतं आईबाबांचं मत. संच मिळालेल्यांना खात्री होती, की आपलं बाळ जास्त शब्द शिकलंय!

हे सगळं मी ताईला ऐकवलं. चूक माझीच, रात्री साडेनऊला ऐकवायला नको होतं. आधी ती हसली. मग एकदम म्हणाली, "मला दिवसातून मनू जागी असलेली किती मिळते माहितीये? चाळीस मिनिटं. त्या वेळात मी काहीतरी केलं, एवढं तरी मला वाटू दे ना. तुझ्या रिसर्चमध्ये ते मोजलंय का कोणी?"

नव्हतं मोजलेलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर आलं सातारहून, एसटीनं. आई आली ती लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊनच. ती निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आम्ही लहान असताना पत्रिकांच्या कोऱ्या पाठीमागे चित्रं काढून ती कार्डं करायची, हे ताई आणि मी साफ विसरलो होतो. तिनं नवी कार्डं केली, पण घरातल्याच वस्तूंची: लाटणं, कंगवा, जिजूंचा चष्मा. मनूच्या हातात रोज फक्त चार द्यायची. "जा, जोडी शोधून आण." मनू घरभर धावायची आणि लाटणं ओढत आणायची. मग त्या लाटण्यावर पंधरा मिनिटं गप्पा. कोण लाटतं? गोल का? तुझी पोळी कशी झाली? शब्द कार्डातून येत नव्हता, गप्पांतून येत होता, कार्ड नुसतं निमित्त. आईच्या डी.एड.ला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ होत्या म्हणे. 1945 साली बोर्डीला आणि नंतर कोसबाडला त्यांनी पानं, बिया, शंख-शिंपल्यांवर बालवाडी चालवली. "त्यांना कुठे होती गं लॅमिनेटेड कार्डं?" एवढंच आईचं भाष्य.

मी फ्लॅशकार्डांच्या विरोधात नाही हं. पुढे इंग्रजी स्पेलिंगं, पाढे घोकायला ती मस्त कामाला येतात. सीएची परीक्षा देणारी माझी मैत्रीण आजही कार्डं करते. पण तिला ती कोणी तोंडासमोर धरत नाही.

प्लेग्रुपच्या 'गप्पां'मध्ये मनू एक शब्दही बोलली नाही, तरी अ‍ॅडमिशन मिळाली. तिथं मुळात फीच्या चेकशी मतलब असावा, असा आपला माझा संशय.

गेल्या रविवारी आईनं गठ्ठ्यातलं एक कोरं कार्ड खाली पाडलं. मनूनं ते उचललं, ताईच्या नाकासमोर धरलं आणि अगदी ताईच्याच सुरात विचारलं, "हे काय? सांग ना!"

ताई बावचळली. "काय बरं?"

"हत्ती."

"हो? मग दिसत का नाही?"

मनूनं विचार केला. हत्ती अंघोळीला गेला होता. मग त्याला भूक लागली, मग त्यानं वरणभात सांडला, आई ओरडली, आणि शेवटी तो बाबांच्या बुटामागे जाऊन झोपला.