रौप्य श्रेणीतली गावं

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, गालिसियात, बुरेला नावाचं मासेमारी बंदर आहे. वस्ती दहा हजारांच्या आतली. १९७०च्या दशकाच्या शेवटी शेजारच्या सान सिब्राओला अॅल्युमिनियमचा प्रचंड कारखाना उभा राहत होता. त्याच्या बांधकामावर केप व्हर्डे बेटांवरून मजूर आले. काम संपलं, पण त्यांतले बरेच जण परत गेले नाहीत. ते बुरेलाच्या बोटींवर खलाशी म्हणून लागले, मागाहून त्यांची कुटुंबं आली, आणि गावच्या शाळेत गालिसियन मुलांच्या शेजारी केप व्हर्डेची मुलं बसू लागली. या गावाच्या फुटसल (बंदिस्त जागेतल्या पाच-पाच जणांच्या फुटबॉल) संघाच्या नावात एका मासळीच्या कंपनीचं नाव आहे : पेस्कादोस रुबेन बुरेला. महिलांच्या संघानं स्पेनची लीग जिंकली आहे. पुरुषांचा संघ देशाच्या पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीत वर-खाली करत राहिला. माद्रिद आणि बार्सिलोनाच्या देशात एवढ्याशा बंदराला राष्ट्रीय लीगमध्ये हक्काची जागा मिळते, ती कशी?

याचं उत्तर मला दुसऱ्या श्रेणीत सापडतं. स्पेनमध्ये २०११पर्यंत तिला रौप्य श्रेणी म्हणत, वरच्या श्रेणीला मानाची श्रेणी. आता नावं साधी झाली आहेत, पहिली आणि दुसरी. पण जुनं नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. फुटसलवर लिहिणारे बहुधा विश्वचषकाबद्दल लिहितात, रिकार्दिन्योसारख्या खेळाडूच्या जादूबद्दल लिहितात. त्या जादूखालची जमीन पाहायची असेल तर शनिवारी संध्याकाळी एखाद्या छोट्या गावच्या बंदिस्त क्रीडागृहात जायला हवं.

आधी खेळाबद्दल थोडं, कारण लीगचा स्वभाव नियमांतूनच घडतो. १९३०च्या सुमारास उरुग्वेची राजधानी मोंतेव्हिदेओ इथल्या वायएमसीएमध्ये हुआन कार्लोस सेरियानी हे शिक्षक होते. त्याच वर्षी त्या शहरात पहिला फुटबॉल विश्वचषक झाला होता आणि पोरं मिळेल त्या जागेत चेंडू लाथाडत होती. सेरियानींनी बंदिस्त जागेत मावेल असा खेळ बांधला. संघात पाच खेळाडू आणि फाउलचा हिशेब बास्केटबॉलकडून आला, मैदानाचं माप आणि तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच गोल हँडबॉलकडून, गोलरक्षकाचे काही नियम वॉटरपोलोकडून.

आजचं मैदान साधारण ४० मीटर लांब, २० मीटर रुंद. चेंडू चार नंबरचा आणि मुद्दाम कमी उसळणारा. दोन मीटरवरून सोडला तर जेमतेम ५० ते ६५ सेंटिमीटर वर येतो. त्यामुळे उंच मारून सुटका नाही, पायाच्या तळव्याखाली चेंडू दाबून धरायलाच लागतो. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, आणि चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबतं. खेळाडू हवे तेव्हा, हवे तितक्या वेळा बदलता येतात. चेंडू खेळात आणायला चार सेकंद मिळतात. एका डावात संघाचे पाच फाउल झाले की सहाव्यापासून प्रतिस्पर्ध्याला थेट किक मिळते. भिंत उभी करता येत नाही, समोर एकटा गोलरक्षक.

या नियमांचा परिणाम असा की दोन गोलांची आघाडी शेवटच्या तीन मिनिटांतही सुरक्षित नसते. पिछाडीवरचा संघ गोलरक्षकाला बाहेर घेतो, त्याच्या जागी गोलरक्षकाचा शर्ट घातलेला पाचवा खेळाडू पुढे येतो आणि पाच विरुद्ध चार असा वेढा पडतो. मागे गोल रिकामा असतो. चेंडू हातचा गेला की अर्ध्या मैदानावरून कुणीही गोल करू शकतो. दुसऱ्या श्रेणीत हा जुगार फार पाहायला मिळतो, कारण इथे संघांत फरक थोडा असतो आणि एकेक गुणावर पुढचं वर्ष अवलंबून असतं.

हंगाम शरद ऋतूत सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. सोळा संघ असले की घरचे-बाहेरचे मिळून प्रत्येकाला ३० सामने येतात. विजेता थेट पहिल्या श्रेणीत जातो. दुसऱ्या जागेसाठी पाठोपाठचे चार संघ प्ले-ऑफ खेळतात. तळाचे संघ ‘सेगुंदा बे’त, म्हणजे प्रादेशिक गटांत विभागलेल्या तिसऱ्या पातळीवर घसरतात, आणि तिथून तितकेच नवे वर येतात. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात हा प्रवासाचा हंगाम आहे. गालिसियाच्या टोकावरून आंदालुसियाला जायचं तर बसमध्ये सगळा दिवस मोडतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सेउता या स्पॅनिश शहराचा संघ बरीच वर्षं या श्रेणीत होता. त्याला बाहेरच्या प्रत्येक सामन्यासाठी आधी सामुद्रधुनी ओलांडावी लागे. कॅनरी बेटांवरचे संघही इथे खेळले आहेत, आणि त्यांच्याकडे जायचं म्हणजे विमानाची तिकिटं. पुष्कळ खेळाडू नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळतात, कारण नुसत्या मानधनावर घर चालत नाही. रात्री बसमध्ये झोपून सोमवारी सकाळी कामावर हजर राहणाऱ्या माणसांची ही श्रेणी आहे. मला तिचा आदर वाटतो तो इथपासून.

या श्रेणीच्या गुणतक्त्यात आणखी एक गुंता आहे. बार्सिलोना आणि एल पोझो मुर्सिया या मोठ्या क्लबांचे दुय्यम संघही याच श्रेणीत खेळतात. त्यांत विशीच्या आतबाहेरची पोरं असतात, वेगवान, तयार, आणि रोज व्यावसायिक प्रशिक्षकांच्या हाताखाली घोटलेली. पण मुख्य संघ पहिल्या श्रेणीत असेपर्यंत दुय्यम संघाला बढती मिळत नाही. त्यामुळे असा संघ तक्त्यात वरच्या जागी असला तरी बढतीचा हक्क खालच्यांकडे सरकतो. गावच्या क्लबांना हे खटकतं, आणि त्यात तथ्य आहे : ज्याला वर जायचंच नाही त्याच्याकडून हरल्यावर तुमचं वर जाणं अडतं. तरीही ही व्यवस्था मोडू नये असं माझं मत आहे. मोठ्या क्लबचा विशीतला खेळाडू फक्त सरावात वाढला असता तर कच्चा राहिला असता. इथे त्याच्यासमोर पस्तिशीचा, दहा हंगाम खाल्लेला बचावपटू उभा राहतो आणि खांदा लावून शिकवतो.

हिवाळ्यात कोपा देल रे या बाद पद्धतीच्या चषकाच्या सुरुवातीच्या फेऱ्या येतात. एकच सामना, तोही बहुधा खालच्या श्रेणीतल्या संघाच्या घरी. एरवी टीव्हीवर दिसणारे खेळाडू त्या रात्री गावच्या क्रीडागृहात उतरतात आणि पोरं त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेली असतात.

आता पैशाकडे. स्पॅनिश फुटसलमध्ये क्लबच्या नावात पुरस्कर्त्याचं नाव मिसळणं ही जुनी रीत आहे. एल पोझो हा मांसाचे पदार्थ बनवणारा उद्योग. ला मांचातलं वाल्देपेन्यास हे द्राक्षमळ्यांचं, सुमारे तीस हजार वस्तीचं गाव; तिथला संघ विन्या आल्बाली या वाइनच्या नावानं खेळत २०१८मध्ये पहिल्या श्रेणीत पोचला आणि दोनच वर्षांत लीगच्या अंतिम सामन्यात उभा राहिला. ऑलिव्ह तेलासाठी ओळखल्या जाणाऱ्या हाएन जिल्ह्याच्या संघानं बराच काळ रौप्य श्रेणीत काढला होता. त्यानं २०१५, २०१८ आणि २०२३ असा तीनदा कोपा दे एस्पान्या जिंकला. पिवळे शर्ट घातलेले हजारो लोक त्याच्या मागे परगावी जातात. कोल्हापुरात पेठेच्या तालमीचा संघ शाहू स्टेडियमवर उतरला की अख्खी पेठ रस्त्यावर येते, त्या ईर्षेची ही स्पॅनिश बहीण.

पण पुरस्कर्त्याच्या नावावर उभा राहिलेला क्लब पुरस्कर्त्याबरोबर पडूही शकतो. काखा सेगोव्हिया हा त्याचा ठळक दाखला. सेगोव्हियाच्या बचत बँकेचा हा संघ १९९९मध्ये लीगचा विजेता झाला आणि पुढच्याच वर्षी युरोपातला सर्वोत्तम क्लब ठरला. २००८नंतरच्या आर्थिक संकटात स्पेनच्या बचत बँका एकामागून एक विलीन झाल्या, सेगोव्हियाची बँक बांकिया या बँकेत गेली आणि संघ बंद झाला. प्लायास दे कास्तेयॉन या क्लबनं युएफाच्या फुटसल चषकाची पहिली दोन्ही वर्षं, २००२ आणि २००३, जिंकली होती; काही वर्षांत त्याच्याही वाट्याला खालच्या श्रेणी आल्या.

यापुढची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सेगोव्हियात बँकेचा संघ गेला, पण फुटसल गेलं नाही. शहरात दुसरा क्लब होता, प्रशिक्षक होते, मुलांचे गट होते, प्रेक्षक होते. तो क्लब पायरी पायरीनं वर चढला, लाकडी पेलेटचं इंधन बनवणाऱ्या कंपनीचं नाव घेऊन दुसऱ्या श्रेणीत आला आणि तिथून काही काळ पहिल्या श्रेणीतही जाऊन आला. खाली शिडी शाबूत होती म्हणून हे शक्य झालं. बँकेचा पैसा परत आला नव्हता.

पाल्माचं उदाहरण याच्याही पुढचं आहे. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं युएफा फुटसल चॅम्पियन्स लीग जिंकणारा हा क्लब १९९८मध्ये मायोर्का बेटावरच्या मानाकोर गावात सुरू झाला. राफाएल नादालचं गाव म्हणून आपल्याला ते माहीत आहे. हा क्लबही रौप्य श्रेणीतूनच वर आला. बार्सिलोनाचा फुटसल संघसुद्धा या शतकाच्या सुरुवातीला त्या श्रेणीत खेळला होता. स्पेननं २०००मध्ये ग्वातेमालात ब्राझीलला ४-३ असं हरवून पहिला विश्वचषक जिंकला, २००४मध्ये दुसरा. आज पोर्तुगाल, अर्जेंटिना त्याच्या बरोबरीला आले आहेत, आणि २०२४च्या विश्वचषकात व्हेनेझुएलानं स्पेनला बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात घरी पाठवलं. पण क्लबांच्या पातळीवर तो देश अजून शिखरावर आहे, आणि त्याचं कारण मी खालच्या श्रेण्यांत शोधतो. खालची श्रेणी बांधण्याची ही वाट जपाननंही धरली : त्यानं २००७मध्ये एफ-लीग सुरू केली आणि २०१८मध्ये तिच्याखाली दुसरी श्रेणी जोडली.

आपल्याकडे सुरुवात उलट्या टोकानं झाली. जुलै २०१६मध्ये चेन्नई आणि गोव्यात प्रीमियर फुटसल नावाची लीग झाली. लुईस फिगो तिचे अध्यक्ष, विराट कोहली चेहरा. सहा शहरांचे संघ, प्रत्येक संघात एक जगप्रसिद्ध नाव : गोव्याकडे रोनाल्दिन्यो, मुंबईकडे रायन गिग्ज, चेन्नईकडे फुटसलचा खराखुरा सम्राट फाल्काव. रोनाल्दिन्योनं एका सामन्यात पाच गोल केले, मुंबईचा संघ विजेता ठरला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता या लीगला नव्हती. दोन हंगामांनंतर ती बंद पडली आणि तिच्यामागे एकही जिल्हा लीग उरली नाही. सेगोव्हियात आणि इथे हाच फरक पडला.

महासंघानं नोव्हेंबर २०२१मध्ये दिल्लीत पहिली राष्ट्रीय फुटसल क्लब स्पर्धा घेतली. दिल्ली एफसी जिंकलं. भारताचा राष्ट्रीय संघ २०२३मध्ये पहिल्यांदा आशिया चषकाच्या पात्रता फेरीत उतरला. ही पावलं योग्य दिशेची आहेत आणि त्यांचं स्वागत करायला हवं. पण काही आठवड्यांत आटोपणारी स्पर्धा म्हणजे हंगाम नव्हे. हरलेल्या संघाला पुढच्या शनिवारी पुन्हा खेळायला मिळतं तेव्हा तो शिकतो.

मुंबई-पुण्यात टर्फ जागोजागी आहेत आणि तिथे रात्री उशिरापर्यंत पाच-पाच जणांचे सामने रंगतात. त्या खेळाला लोक सर्रास फुटसल म्हणतात. पण कृत्रिम गवत, भोवतीच्या जाळीवर आपटून परत येणारा चेंडू, तासाच्या भाड्याचं घड्याळ, आणि फाउलची मोजणी नाही, हा वेगळा खेळ आहे. तो जरूर खेळावा. फुटसलला मात्र कडक, सपाट जमीन आणि चार स्पष्ट रेषा लागतात.

त्यासाठी फार मोठा खर्चही नाही. बास्केटबॉलचं मैदान २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद असतं. फुटसलला देशांतर्गत सामन्यासाठी किमान १६ मीटर रुंदी हवी, म्हणजे ते एका मीटरनं कमी पडतं. हँडबॉलचं मैदान मात्र बरोबर ४० बाय २० मीटर आहे, गोलही त्याच मापाचा. महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत आणि जिल्हा क्रीडा संकुलांत हँडबॉलची मैदानं आहेत. त्यांवर दुसऱ्या रंगानं फुटसलच्या रेषा आखता येतील. जिल्हा फुटबॉल संघटनांनी आणि क्रीडा शिक्षकांनी एवढं करावं : आठ संघ जमवावेत, चार नंबरचे कमी उसळणारे चेंडू घ्यावेत, दिवाळीनंतर दर शनिवारी सामने ठेवावेत, आणि पहिल्याच वर्षी खालची श्रेणीही जाहीर करावी, म्हणजे शेवटून दोन संघ खाली जातील आणि दोन नवे वर येतील. राज्याची लीग मागाहून येऊ द्या.