काळीचे मासे आणि जड पाणी

काळी नदी जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते, सुपा धरणात अडते आणि दांडेलीवरून कारवारकडे उतरते. वाटेत कद्रा जलाशयाच्या काठी कैगा अणुवीज केंद्र आहे. तिथल्या २२० मेगावॅटच्या चारही अणुभट्ट्या जड पाण्यावर चालतात. ते पाणी नदीत सुटलं तर मासे जगतील का?

हा प्रश्न प्रयोगशाळेत १९३३ सालीच विचारला गेला. हॅरल्ड युरी यांनी ड्यूटेरियम, म्हणजे जड पाण्यातला जड हायड्रोजन, शोधून दोनच वर्षं झाली होती. गिल्बर्ट लुईस यांनी जवळजवळ शुद्ध जड पाण्यात तंबाखूचं बी टाकलं; ते रुजलं नाही. प्रिन्स्टनमध्ये ९२ टक्के जड पाण्यात बेडकांची पिल्लं आणि गप्पी मासे सोडले. पिल्लं तासाभरात गेली, मासे दोनेक तासांत. एकपेशीय पॅरामेशियमने मात्र दोन दिवस तग धरला.

यात किरणोत्सर्गाचा हात नाही. जड पाणी स्वतः किरणोत्सर्गी नसतंच. त्यातल्या हायड्रोजनच्या गाभ्यात एक जादा न्यूट्रॉन असतो, त्यामुळे रासायनिक बंध तुटायला वेळ लागतो. पेशीतले व्यवहार रेंगाळतात, पेशीविभाजन अर्ध्यावर अडतं. शिवाय हे पाणी साध्यापेक्षा ११ टक्के वजनदार आणि जवळजवळ पावपट अधिक दाट. काळीतला खडस मासा त्यात सोडला, तर मरण्याआधी तो बुचासारखा वर तरंगेल.

शेवाळाची गोष्ट वेगळी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत जोसेफ कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी क्लोरेला हळूहळू सवय लावत ९९ टक्क्यांहून अधिक जड पाण्यात वाढवलं. वाढ मंद, पण पिढ्या चालू! सस्तन प्राण्यांत शरीरातलं पावभाग पाणी जड झालं तर प्रजनन थांबतं, निम्म्याच्या आसपास गेलं की मृत्यू. म्हणजे विष ठरतं ते प्रमाण.

आणि प्रमाण पाहिलं तर गंमत आहे. निसर्गात हायड्रोजनच्या साधारण साडेसहा हजार अणूंमागे एक ड्यूटेरियमचा असतो. सुपा जलाशय भरला की सुमारे १४५ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं सगळं ड्यूटेरियम एकत्र केलं तर सहा लाख घनमीटरहून जास्त जड पाणी होईल. जोयड्याचे मासे त्यात पिढ्यान्‌पिढ्या पोहत आलेत. कैगाचं पाणी तर त्यांच्यापर्यंत येणारही नाही, कारण केंद्र खालच्या अंगाला आहे.

शुद्ध जड पाणी कुणी नदीत ओतणारही नाही. अलिबागजवळच्या थळसारख्या कारखान्यांत ते मोठ्या खटाटोपाने वेगळं काढावं लागतं. अणुभट्टीत थेंबाथेंबाचा हिशेब असतो. खरी काळजी ट्रिटियमची. भट्टीत ड्यूटेरियम न्यूट्रॉन गिळतं आणि सव्वाबारा वर्षांच्या आसपास अर्धायुष्य असलेलं किरणोत्सर्गी ट्रिटियम तयार होतं. नोव्हेंबर २००९ मध्ये कैगातल्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळलं गेलं आणि पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते गेलं. कुणीतरी आतल्याच माणसाने मुद्दाम केलं, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. या प्रकरणाची चर्चा अणुभट्टीच्या नळांपेक्षा माणसांच्या चौकशीवर जास्त झाली, हे मला खटकतं.

वरच्या काळीतल्या खडसाला मात्र ट्रिटियमही गाठत नाही. त्याला हवं असतं वाहतं पाणी आणि गोट्यांचा तळ. तिथे आता एकामागून एक साठे आहेत, आणि धरणाखालची पातळी विजेच्या मागणीप्रमाणे दिवसात वरखाली होते.