कबड्डीपटू ‘२ कोटी ३५ लाखांना’ गेला म्हणजे नेमकं काय? इराणच्या दोन खेळाडूंवरून समजून घ्या लिलावाचा हिशोब

जत्रेतल्या कबड्डीचं मैदान मारलं की ‘आता प्रो कबड्डी’ असं म्हणणारी पोरं भोसरीपासून खेड-मावळपर्यंत प्रत्येक संघात भेटतात. लिलावाचे कोटींचे आकडे मोबाईलवर सगळ्यांनी पाहिलेले असतात. पण हे पैसे किती दिवसांचे, पुढच्या वर्षी काय, हे फारसं कुणी सांगत नाही. पुणेरी पलटणकडून खेळून गेलेल्या दोन इराणी खेळाडूंचं उदाहरण घेतलं की हिशोब लगेच कळतो.

शादलुई पुण्यात कसा आला?

मोहम्मदरेझा शादलुई हा डाव्या कोपऱ्यातला पकडीचा खेळाडू. भारतात तो आधी पाटणा पायरेट्सकडून खेळला. ७ ऑक्टोबर २०२३ ला चीनमधल्या हांगझोऊला आशियाई स्पर्धेची फायनल झाली. एका गुणाच्या वादावरून सामना बराच वेळ थांबला. शेवटी भारतानं इराणला ३३-२९ असं हरवलं. भारताच्या संघात अहिल्यानगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार होता, इराणच्या संघात शादलुई.

दोनच दिवसांनी मुंबईत लिलाव सुरू झाला आणि पलटणनं शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. कर्णधार कोण? तोच अस्लम! १ मार्च २०२४ ला पलटणनं हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ नं हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. त्या हंगामात सगळ्यात जास्त पकडी शादलुईच्याच होत्या.

लिलाव चालतो कसा?

त्या वर्षी खेळाडूंचे चार गट होते. ‘अ’ गटाची मूळ किंमत ३० लाख, ‘ब’ची २० लाख, ‘क’ची १३ लाख आणि ‘ड’ची ९ लाख. त्याच्यावर संघ बोली वाढवत नेतात. पण प्रत्येक संघाला पूर्ण संघासाठी मिळून ५ कोटींचीच मर्यादा होती. म्हणजे एकावर निम्मे पैसे घातले, तर बाकीचे खेळाडू कमी पैशात बसवावे लागतात. शादलुईचा आकडा दिसतो, कमी पैशात खेळणारे दिसत नाहीत.

दुसरं, लिलावाची रक्कम एका हंगामाची असते आणि तिच्यातून करही कापला जातो. संघानं खेळाडू राखून ठेवला नाही, तर पुन्हा लिलावात उभं राहायचं.

पुढच्या वर्षी काय झालं?

विजेतेपद मिळवून दिलेला शादलुई २०२४ मध्ये पुन्हा लिलावात आला. हरियाणानं त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं. २९ डिसेंबर २०२४ ला आपल्याच बालेवाडीत हरियाणानं पाटण्याला ३२-२३ नं हरवलं. शादलुई पुन्हा विजेता, पण जर्सी दुसरी.

फझल अत्राचलीचा आलेख तर आणखी बोलका आहे. २०१८ मध्ये यू मुंबानं त्याला १ कोटीला घेतलं. २०२२ मध्ये पलटणनं १ कोटी ३८ लाख मोजले, २०२३ मध्ये गुजरातनं १ कोटी ६० लाख. आणि २०२४ मध्ये बंगालनं घेतलं ५० लाखांना. एका वर्षात भाव तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही खाली आला. तरी गडी थांबला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीकडून खेळताना त्यानं विजेतेपद मिळवलं, तेही पलटणला ३१-२८ नं हरवून.

आपल्या पोरांनी काय घ्यायचं?

चाकणच्या कंपनीत कंत्राटावर काम केलेल्याला हे वेगळं सांगायला नको. काम चांगलं असलं तरी मुदत संपली की पुन्हा रांगेत. कबड्डीतही तसंच, फक्त आकडा मोठा. त्यात गुडघा गेला तर पुढचा हंगामच जातो.

म्हणून खेळाबरोबर दुसरा पाय पक्का ठेवायला हवा. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांचं प्रमाणपत्र लागतं आणि क्रीडा खात्याकडून त्याची पडताळणी करून घ्यावी लागते. जत्रेतली ढाल त्यात चालत नाही. पोरगं चांगलं खेळत असेल तर त्याला जिल्हा संघटनेच्या अधिकृत स्पर्धांत उतरवा. बारावी, पदवी सुटू देऊ नका. लिलावात नाव आलं तर सोन्याहून पिवळं, नाही आलं तरी घर चाललं पाहिजे.