चावडी, धूळपाटी आणि सांगकाम्या

डोंबिवलीवरच्या लेखात चूक दिसली तर विकिपीडियावर ती कुणालाही दुरुस्त करता येते, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण ‘संपादन’ दाबल्यावर पुढे काय करायचं, संदर्भ कसा जोडायचा, साचा (तयार मजकुराचा ठरावीक तुकडा) मोडला तर काय, हे शिकवणारी पानं कुणी लिहिली? वापरणाऱ्यांनीच. मराठी विकिपीडियातलं सर्वांत मोलाचं काम मला हेच वाटतं, आणि त्याचंच कौतुक सर्वांत कमी होतं.

विकीचा, म्हणजे कुणालाही संपादता येणाऱ्या संकेतस्थळाचा, जन्मच मुळी प्रोग्रॅमरांच्या गरजेतून झाला. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी खुला केला, तो सॉफ्टवेअर रचनेतले अनुभव एकमेकांना सांगण्यासाठी. विकिपीडिया २००१ मध्ये आला आणि मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाली. तिच्यामागचं मीडियाविकी हे सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची माहितीही विकीवरच लिहिली जाते.

नव्या माणसासाठी इथे धूळपाटी, म्हणजे सरावाचं पान आहे. हवं ते गिरवावं, काही बिघडत नाही. अडलं की चावडीवर, म्हणजे चर्चेच्या पानावर विचारायचं. प्रश्नाखाली चार टिल्डे टाकले की जतन होताना त्या जागी आपलं सदस्यनाव आणि वेळ उमटते. उत्तर कधी प्रचालक (व्यवस्था पाहणारा सदस्य) देतो, कधी कालपर्यंत स्वतःच चाचपडणारा एखादा सदस्य. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आला की उत्तर साहाय्य-पानावर जातं. कुणी ते पान बिघडवलं, तर ‘इतिहास’मध्ये जुना मजकूर डावीकडे आणि नवा उजवीकडे दिसतो, आणि बदल उलटवता येतो. कंटाळवाणी, एकसारखी कामं सांगकाम्याकडे, म्हणजे बॉटकडे.

बटणांवरची आणि सूचनांमधली मराठीही अशीच घडते. फिनलंडच्या निक्लास लाक्स्ट्रॉम यांनी सुरू केलेल्या ट्रान्सलेटविकीवर स्वयंसेवक एकेक संदेश मराठीत आणतात. अनेक संदेशांत ‘डॉलर एक’ ($1) अशी खूण असते. तिथे ऐन वेळी, समजा, पानाचं नाव येऊन बसतं. आता त्या खुणेला नुसता ‘त’ चिकटवला, तर ‘डोंबिवलीत’ ठीक होतं, पण ‘ठाण्यात’ऐवजी ‘ठाणेत’ छापलं जाईल. म्हणून जाणता अनुवादक ‘या पानावर’ अशी रचना करतो. सॉफ्टवेअरला सामान्यरूप कळत नाही, ते माणसानं सांभाळायचं. खूण कशाची आहे हे सांगणारी टीपही प्रत्येक संदेशाला असावी लागते. ती नसेल तर अनुवाद अंदाजानेच होतो.

मीडियाविकीचे बदल बहुतेक आठवड्यांत विकिपीडियावर चढतात, साधारण गुरुवारी. तिथले तंत्रज्ञ या वेळापत्रकाला ‘ट्रेन’च म्हणतात. मध्य रेल्वेवर आयुष्य काढणाऱ्या ठाणे-कल्याणकरांना ते वेगळं समजावून सांगायला नको. बदल वेळेवर येतो, पण साहाय्य-पानावरचं चित्र जुनंच राहतं. बटण उजवीकडे गेलेलं असतं, सूचना मात्र डावीकडे बघायला सांगते. नवखा माणूस तिथेच सोडून जातो.

ही पानं ताजी ठेवणारी माणसं ठाणे-डोंबिवलीत सापडायला हवीत. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. २०१० चं साहित्य संमेलन ठाण्याला झालं, २०१७ चं डोंबिवलीला. लिहिणाऱ्यांची इथे वाण नाही. त्यांतल्या काहींनी लेखांऐवजी साहाय्य-पानं हाती घ्यावीत, असं मला मनापासून वाटतं. सुरुवात एका पानापासून करावी: तिथली प्रत्येक पायरी स्वतः धूळपाटीवर करून पाहावी, जिथे अडेल ती ओळ दुरुस्त करावी आणि काय बदललं ते ‘सारांश’च्या चौकटीत लिहावं.