अर्धं-अर्धं म्हणजे किती?

पुण्यात चार वर्षं फ्लॅट शेअर केल्यामुळे घरखर्चाची वाटणी या विषयातला आपण पीएचडी, असा माझा समज होता. दूध कुणी आणलं, वायफायचं कुणी भरलं, कुणाची मैत्रीण जास्त वेळा जेवायला आली, सगळं एक्सेल शीटमध्ये! तो फंडा मी बीडला आईच्या घरी लावायला गेलो आणि सॉलिड तोंडावर पडलो.

झालं असं की, बाबा गेल्यावर आई बीडच्या घरात एकटी. पुण्याला यायचं नाव नाही. "तिथं तुमच्या डब्यात बसून काय करू?" (डबा म्हणजे माझा वन बीएचके.) शेवटी पुढची खोली पेइंग गेस्टला द्यायची ठरली. बँकेत नव्यानं बदलून आलेली नांदेडची एक मुलगी मिळाली. आई तिला पहिल्या दिवसापासून 'मॅडम' म्हणते आणि ती आईला 'काकू'. भाडं ठरलं, जेवणाचे पैसे गॅस सिलिंडरसकट महिन्याला ठरावीक. लाईट आणि पाणी? मी पुण्यातून फोनवर ऑर्डर सोडली : फिफ्टी-फिफ्टी. विषय संपला.

विषय एप्रिलमध्ये सुरू झाला. बिल आलं 170 युनिटचं. एकट्या आईचं असायचं 80 च्या आसपास. शेजारच्या काकूंचं निदान तयारच होतं : "रातभर कॉम्प्युटर चालू ठिवती ती पोरगी." मीही फोनवर तोफ डागली. आई, वाढलेलं सगळं तिच्याकडून घे!

आता इथे जरा आकडेमोड करू, कारण खरी गोम बिलाच्या मागच्या बाजूला आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतो. पहिली 100 युनिटं स्वस्त, 101 ते 300 चा टप्पा जवळपास दुप्पट महाग. सोयीसाठी 6 रुपये आणि 11 रुपये धरा, बाकीचे आकार बाजूला ठेवा. आईची एकटीची 80 युनिटं म्हणजे 480 रुपये. दोघींची 170 म्हणजे 600 अधिक 770, एकूण 1,370.

आता सांगा, मॅडमनी किती द्यायचे? अर्धे केले तर 685. वाढलेले सगळे तिच्या माथी मारले तर 890. युनिटच्या प्रमाणात, म्हणजे 90 युनिटांचे काढले, तर 725. आणि तिचं स्वतःचं मीटर असतं तर? फक्त 540! एकच वापर, चार उत्तरं. स्वस्तातली पहिली 100 युनिटं कुणाची, यावर सगळा खेळ. आई घरात आधीपासून राहते म्हणून तिची? की दोघी एका छपराखाली आहेत म्हणून दोघींची? मी बिनधास्त 890 सांगून मोकळा झालो होतो. स्वयंपाकघर एकच, त्यामुळे वेगळ्या मीटरचा प्रश्नच नव्हता.

आणि कॉम्प्युटर बिचारा निर्दोष निघाला. हजार वॅट तासभर चालले की एक युनिट. लॅपटॉप साठ वॅटचा, रोज पाच तास चालला तरी महिन्याला 9 युनिटं. खरा खादाड होता कूलर. 200 वॅट, रोज दहा तास, महिन्याला 60! बीडचा एप्रिल ज्यानं काढलाय तो कूलरबद्दल ब्र काढणार नाही.

मॅडमनी 890 मुकाट्यानं दिले. मे संपताना मात्र तिनं आईला सांगितलं, "काकू, मी जूनमध्ये दुसरी खोली बघतेय."

आईचा फोन आला तेव्हा ती बिलाबद्दल काहीच बोलली नाही. एवढंच म्हणाली, "फेब्रुवारीत रात्री माझा बीपी चढला, तवा रिक्षा करून दवाखान्यात कोन घेऊन गेलतं रे?" मी गप्प. मला ही गोष्टच तेव्हा पहिल्यांदा कळत होती.

त्या शनिवारी बीड गाठलं. मॅडमची तक्रार लाईटची नव्हतीच, ती होती पाण्याची. बीड शहराला पाणी येतं माजलगाव धरणातून आणि बिंदुसरा प्रकल्पातून, पण उन्हाळ्यात नळाची वाट बघण्यात अर्थ नसतो. टँकर मागवावा लागतो. मे महिन्यात आमच्याकडे तीन टँकर झाले, 2,400 रुपये. फिफ्टी-फिफ्टी म्हणून तिनं 1,200 दिले. आणि तिच्या डायरीत काय निघालं? ती स्वतः पाच दिवस नांदेडला होती, तर गावाकडची मावशी तीन नातवंडांसह बारा दिवस आमच्याकडे! आईचे 31 दिवस, तिचे 26, पाहुण्यांचे 48, एकूण 105. तिच्या वाट्याला येत होते 594 रुपये. आमच्या पाहुण्यांच्या आंघोळी ही मुलगी स्पॉन्सर करत होती!

आईला हे ऐकून धक्काच बसला. "पान्याचा बी हिशोब करायलाव का आता आपन?" तिच्या मते पाहुण्याचं पाणी मोजणं म्हणजे पाप. पण ज्या जिल्ह्यात 2013 च्या दुष्काळात परळीचं अख्खं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, तिथे पाणी मोजायचं नाही तर काय मोजायचं? शेवटी आईनंच तोडगा काढला. पाहुणे तिचे, पाणी तिचं. मॅडमचे फक्त हजेरीचे दिवस धरायचे.

लाईटसाठी त्या खोलीला सब-मीटर बसवलं. स्थिर आकार आईचा, कारण तो कुणी राहो न राहो येणारच. बाकीच्या बिलाला एकूण युनिटांनी भागायचं आणि आपापल्या युनिटांनी गुणायचं. दोघींना मान्य. जादा घेतलेले पैसे मी परत केले, मान खाली घालून.

जाता जाता एक लाजिरवाणी गोष्ट. आमचा लेखी करारच नव्हता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 मध्ये 'पेइंग गेस्ट'ची चक्क व्याख्या आहे, आणि कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. तसा करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे मॅडम अडून बसली असती तर माझ्या एक्सेलला कुणी विचारलं नसतं. करार आता झालाय, वाटणीची रीत त्यात लिहून.

मॅडम अजून तिथेच आहे. आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोण कधी आलं-गेलं ते पेन्सिलीनं टिपते. परवा फोनवर म्हटलं, दिवाळीला येतोय, चार-पाच दिवस राहीन.

"चार का पाच, नीट सांग," आई म्हणाली. "लिव्हायचंय."