सेकंदाला साडेआठ हजार परार्ध

एकं, दहं, शतं करत आपल्याकडे संख्यांची नावं परार्धापर्यंत जातात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. देशाचं अख्खं अंदाजपत्रक रुपयांत मांडलं तरी पाच शंकूंच्या आसपास आटोपतं, परार्ध फार लांब राहिला. शरीराला मात्र परार्धही तोकडा पडतो. साधारण माणसाला दिवसाला साडेपाचशे लिटर प्राणवायू लागतो. त्यावरून हिशेब केला, तर त्याच्या पेशी दर सेकंदाला सुमारे साडेआठ हजार परार्ध एटीपी रेणू घडवतात आणि जवळपास तितकेच मोडतात.

एटीपी ही पेशीतली चिल्लर. स्नायू आखडणं असो की प्रथिनं जुळवणं, बहुतेक व्यवहार याच नाण्यात होतात. दिवसभरातलं उत्पादन साठ किलोच्या घरात, म्हणजे जवळपास स्वतःच्याच वजनाइतकं. पण कुठल्याही क्षणी अंगात शिल्लक असते जेमतेम पन्नास ते शंभर ग्रॅम. सायनाइड इतक्या झटपट का मारतं, ते इथे कळतं. ते श्वसनसाखळीचं, म्हणजे प्राणवायूपर्यंत इलेक्ट्रॉन पोचवणाऱ्या साखळीचं, शेवटचं टोक बंद करतं, आणि गाठीशी असते मिनिटा-दोन मिनिटांची पुंजी.

वजनास वजन लावलं तर किलोमागे माणूस सूर्याच्या हजारो पट ऊर्जा सोडतो. (सूर्याचा बराचसा ऐवज नुसता बसून असतो, हेही खरं.)

हे सगळं चालतं तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकाँड्रियात. त्यांच्या आतल्या पडद्यावरचा विद्युतदाब दीडशे मिलिव्होल्ट, ऐकायला किरकोळ. पण पडदा पाच-सहा नॅनोमीटर जाडीचा! मीटरमागे मोजला तर हा दाब तीन कोटी व्होल्टच्या आसपास जातो. हवेत ठिणगी पडायला याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच पुरतो. या दाबाने प्रोटॉन आत ढकलले जातात आणि पडद्यात बसवलेलं प्रथिनांचं चाक फिरतं. एका फेरीत तीन एटीपी. चाक खरोखर फिरतं, हे 1997 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी त्याच्या आसाला चमकणारा ॲक्टिनचा धागा चिकटवला, चाक उलटं चालवायला एटीपी दिलं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो धागा गरगर फिरू लागला. त्याच वर्षी बॉयर आणि वॉकर यांना याच यंत्राच्या उलगड्यासाठी नोबेल मिळालं.

एवढ्या घाईत सांडलवंड होणारच. साखळीतून निसटलेला इलेक्ट्रॉन प्राणवायूला चिकटला की सुपरऑक्साइड बनतं, आणि त्यातून होणारा मारा पेशीच्या प्रथिनांना आणि डीएनएला सोसावा लागतो. हजारात एकच प्राणवायूचा रेणू असा बिघडतो असं धरलं, तरी सेकंदाला परार्धाहून जास्त. म्हातारपण याच माऱ्याने येतं, असं डेनहॅम हार्मन यांनी 1956 मध्ये मांडलं. त्याआधी 1908 पासून रुबनर यांचा ठोकताळा चालत होता, की जो भराभर जळतो तो लवकर विझतो.

मला रुबनर यांचं म्हणणं ऐकायला आवडतं, पण कबुतर त्यात बसत नाही. कबुतर आणि उंदीर आकाराने सारखेच, आणि उडणाऱ्या कबुतराची ऊर्जा काही कमी जळत नाही. तरी उंदीर जगतो चार वर्षं आणि कबुतर पस्तीसपर्यंत. सात ग्रॅमच्या ब्रँड्ट वटवाघळाची नोंद तर एक्केचाळीस वर्षांची आहे.

मग गळती पुसून काढणाऱ्या गोळ्या घ्याव्यात का? फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर अशा गोळ्यांची चाचणी झाली. 1994 मध्ये निकाल आला : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त. कारणांवर वाद आहेत, पण पेशी या बिघडलेल्या रेणूंचा निरोप्यासारखाही वापर करते, तेव्हा सगळेच पुसून टाकणं तिला परवडणारं नाही. कबुतराच्या मेंदूतल्या तंतुकणिका तपासल्या, तेव्हा वेगळीच गोष्ट दिसली. तिथे गळती मुळात कमी होत होती, आणि फरक पडत होता साखळीच्या पहिल्याच दुव्यावर, कॉम्प्लेक्स-वनवर.